खालच्या घाटावरची कुऱ्हाड

चैतराम मास्तरांनी उभ्या नोकरीत एकाही पोराला छडी लावली नाही. बोलणं हळू, चालणं हळू, सदरा नेहमी स्वच्छ धुतलेला, आणि वाटेत कोणी भेटलं की आधी हात जोडणार ते हेच. राजेगावच्या रस्त्यापासून आत असलेल्या बोडीटोल्यात त्यांना कोणी रागीट म्हटलं असतं, तर लोक हसले असते. त्यांच्या आईला, रुख्माबाईला विचारलं असतं, तर मात्र ती म्हणाली असती की गावातल्या सगळ्या भांडकुदळांचा राग एकत्र केला तरी माझ्या पोराइतका भरणार नाही. इतरांचा राग संध्याकाळपर्यंत उतू जाऊन संपतो. यांनी आपला झाकण लावून ठेवला होता, आणि अधूनमधून झाकण काढून तो नासला तर नाही ना, हेही बघत होते.

हा राग एका माणसावर होता. त्यांचं नाव बंडोपंत. बंडोपंतांनी काय केलं हे कळायचं तर चैतराम दहा वर्षांचा होता त्या बेचाळीस सालात जायला हवं.

बोडीटोला, नाव बोडीचं, म्हणजे लहानशा तळ्याचं, पण तलाव चांगला मोठा. त्याला दोन घाट. वरचा घाट गावाचा, दगडांनी बांधलेला. खालचा घाट महारवस्तीचा, आणि त्याला घाट म्हणायचं ते आपलं म्हणायला. एक जांभळाचं झाड आणि त्याखाली चिखलाचा उतार, बस. वरच्या घाटावरचा माणूस चुकूनही खाली उतरत नसे, आणि खालच्या घाटावरच्याने वर चढण्याचा तर प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ उपसायचं काम मात्र सगळ्या तलावाचं, आणि ते खालच्यांनीच करायचं.

चैतरामचा बाप महागू हा गावचा कोतवाल. दवंडी पिटायची, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, आणि कोणाचं ढोर मेलं की ते ओढायचं. तरी त्याने पोराला शाळेत घातलं होतं. शाळेत म्हणजे शाळेच्या ओट्यावर. वर्गाची खिडकी ओट्याकडे उघडायची, आणि त्या खिडकीतून जेवढं ऐकू येईल तेवढी चैतरामची शाळा.

आत शिकवायला होते बंडोपंत गुरुजी. बालाघाटच्या एका जुन्या मराठी घरातले, वडील कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. कोट, काळी टोपी, स्वच्छ आवाज. महारवस्तीतल्या कोणाची सावली पडली की गुरुजी शाळा तशीच सोडून वरच्या घाटावर आंघोळीला जात, आणि पोरांना तेवढी सुट्टी मिळे. सुट्टीसाठी काही टारगट पोरं मुद्दाम चैतरामला ढकलून सावलीत आणत. त्यात त्याचा काय दोष, असं विचारायची रीत नव्हती.

आणि खरं ते सांगितलं पाहिजे. बंडोपंत इतिहास फार सुंदर शिकवायचे. सिंधूकाठची विटांची शहरं, नाईलकाठचे राजे, दोन नद्यांमधल्या देशातली मातीवर खिळ्यांनी कोरल्यासारखी लिपी, हे सगळं ते असं सांगत की पोरं सुट्टीची घंटाही विसरून जात. आपल्याच जिल्ह्यात, गुंगेरियाला, गाई चारणाऱ्या पोरांना जमिनीत तांब्याच्या कुऱ्हाडी कशा सापडल्या, हे त्यांनी एकदा सांगितलं. रेल्वे नव्हती, इंग्रज नव्हते, भोसले नव्हते, त्या काळच्या त्या कुऱ्हाडी. ओट्यावर बसलेल्या चैतरामच्या डोक्यात ते इतकं घट्ट बसलं, की त्यानंतर तो गाळ काढताना प्रत्येक फावड्यातला चिखल हाताने चाचपून बघायला लागला. पोरं त्याला वेडा म्हणत.

आणि त्या वैशाखात ती त्याला सापडली. जांभळाच्या मुळाशी, काळा गाळ संपून पिवळी माती लागते तिथे, हिरवी पडलेली, पसरट, तळहाताहून थोडी मोठी. दुसऱ्या कोणाला ती गंजका पत्रा वाटली असती. पोराने ती धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि उन्हातून पळत शाळा गाठली. बापाला दाखवण्याआधी त्याने ती गुरुजींना दाखवली. या एका गोष्टीचा त्याने पुढे किती पश्चात्ताप केला, ते त्यालाच ठाऊक.

गुरुजींनी ती जमिनीवर ठेवायला सांगितली. वरून पाणी शिंपडलं, मग उचलली. उलटसुलट करून बघितली आणि त्याला विचारायला लागले. कुठे मिळाली? किती खोल? माती कोणती होती? बरोबर आणखी काही होतं का? चैतराम फुलून गेला. त्याचं बोलणं शाळेत इतक्या लक्षपूर्वक कोणी कधी ऐकलंच नव्हतं. त्याने बारीकसारीक सगळं सांगितलं. गुरुजी म्हणाले, ठेवून जा, बालाघाटला जाणकारांना दाखवतो.

सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा गुरुजींनी वर्गात कुऱ्हाड आणली. लाल मखमलीच्या तुकड्यात ठेवलेली. ही मला सापडली, असं त्यांनी वर्गाला सांगितलं. खिडकीतून आवाज आला, "मले सापडली गुरुजी. म्या देल्ली तुमाले."

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी महागूला बोलावणं पाठवलं. बाप धावतपळत आला, आणि त्या घाबरगुंडीत त्याचा पाय शाळेच्या पायरीवर पडला. झालं, एकाचे दोन गुन्हे झाले. पोरगं खोटं बोललं आणि बापाने पायरी बाटवली. महागूने पायरीवर नाक घासावं आणि माझं पोर खोटारडं आहे असं सगळ्यांसमोर म्हणावं, अशी शिक्षा ठरली. महागूने ते केलं. मग वरच्या घाटाचं पाणी आणून पायरी धुतली गेली. एकदा धुवून गुरुजींचं समाधान झालं नाही, म्हणून परत बादली आणवली. चैतराम ओट्याच्या कोपऱ्यात उभा राहून बघत होता. पाणी पायरीवरून वाहत त्याच्या पायापर्यंत आलं. त्याच दिवशी त्याने मनात डूख धरला.

त्यानंतर महागू शाळेपुढून कधी गेला नाही. सरकारी निरोप असला तरी मागच्या शेतातून वळसा घालून जायचा. छप्पनच्या दसऱ्याला बाप, आई आणि चैतराम गोंदियाहून गाडीत बसून नागपूरला गेले आणि लाखो लोकांबरोबर धम्म घेऊन परतले. परत आल्यावर महागूने कोतवालीची काठी तलावात फेकली. मेलेलं ढोर ओढणार नाही असं पटेलाच्या तोंडावर सांगून आला. एवढं सगळं केलं, पण शाळेचा रस्ता मात्र त्याने टाळलाच. पुढच्या वर्षी धान कापणीला यायच्या आत तो गेला, आणि त्याला नेतानाही लोकांनी सवयीने मागच्या शेतातूनच नेलं. चैतरामच्या मनातल्या डुखाला तेव्हा मूळ फुटलं.

तोवर तो चैतराम मास्तर झाला होता. सातवी पास, नॉर्मल स्कूलचं मास्तरकीचं शिक्षण, पहिली नेमणूक तिरोडीच्या खाणीजवळच्या शाळेत. तिथे रेल्वे होती, बाजार होता, खाणीतल्या लोकांच्या वस्तीत मान होता. असं असताना मास्तरांनी बोडीटोल्याला बदली मागितली, तेव्हा बरोबरचे मास्तर लोक कपाळाला हात लावून बसले. आईच्या सेवेसाठी जातो, असं त्यांनी सांगितलं. आई तेव्हा चांगली धडधाकट होती आणि तिची सेवा करायला गेलेल्याचीच ती सेवा करायची.

बोडीटोल्यात येऊन बघतात तर बंडोपंत त्यांच्या आधीच तिथे पोचलेले. माणूस नव्हे, त्यांचं पुस्तक. गुरुजी वर चढत चढत शाळांचे तपासनीस झाले होते आणि त्यांनी जिल्ह्याच्या इतिहासाची छोटी पुस्तिका लिहिली होती. पुढे राज्याची वाटणी झाली, बालाघाट हिंदी मुलखात गेला, शाळा हिंदी झाल्या, तेव्हा त्यांनीच तिचं हिंदीही करून दिलं. तिसरीला स्थानिक इतिहास म्हणून तीच शिकवायची. त्यात एक वाक्य होतं की बोडीटोल्यात लेखकाला स्वतःला प्राचीन ताम्र-परशू प्राप्त झाला. आता गंमत बघा. ज्याची कुऱ्हाड चोरली, त्यानेच दर वर्षी उभं राहून पोरांना सांगायचं की ती चोराला सापडली, आणि परीक्षेत तसं लिहिणाऱ्याला गुण द्यायचे. मास्तर ते वाक्य एक शब्दही न बदलता शिकवत. शिकवून झालं की घरी येऊन जेवत नसत. आई ताट झाकून ठेवायची आणि विचारायची नाही.

पण त्यांनी एक काम सुरू केलं. शाळेच्या मागे एक मोठा खड्डा खणला. त्यात तळाशी फुटकी मडकी, वर राख, वर बांगड्यांचे तुकडे आणि मातीचा मोडका बैल, वर विटा असं थरावर थर टाकून बुजवून टाकलं. दोन पावसाळे गेले आणि सगळं बसलं. मग तिसरी-चौथीच्या पोरांकडून हळूहळू खुरप्याने तो उकरून घ्यायला सुरुवात केली. मोहेंजोदडो म्हणजे काय हे कळायला यापेक्षा सोपा रस्ता नाही, असं ते म्हणत. मातीचा बैल निघाला की तान्ह्या पोळ्याला तुम्ही जो खेळण्यातला बैल ओढत नेता तसाच बैल तिथल्या पोरांकडेही होता, असं सांगत. पोरं हरखून जात. आणि निघालेल्या प्रत्येक वस्तूला चार प्रश्न विचारायचे, हा नियम. कुठे होती? किती खोल? माती कोणती? सोबत काय होतं? उत्तर दिल्याशिवाय वस्तू हातात मिळत नसे. "जो काढते त्याले हे माहीत असते," मास्तर सांगत. "ज्यानं काढली नाही, त्याले विचारा, तो घाबरते."

हे चार प्रश्न कोणाचे होते, ते तुम्ही ओळखलंच असेल. मास्तरांना ते ज्याने विचारले होते, त्यालाच ते परत करायचे होते.

आणि खरा सापळा याच्यापुढे होता. कुठे सापडली याला बंडोपंत काहीही उत्तर देवोत, ते फसणारच. वरच्या घाटावर म्हणाले तर खोटं, कारण त्या पिवळ्या मातीचा एक कण वरच्या घाटावर नाही, आणि हे तिसरीचं पोरही दाखवून देईल. खालच्या घाटावर म्हणाले, तर सावली पडली तर आंघोळ करणारे गुरुजी महारांच्या चिखलात कमरेपर्यंत उतरले कसे? खोटारडं व्हायचं की बाटायचं, एवढंच निवडायचं होतं. कित्येक वर्षं मास्तर या गोष्टीचा विचार करून रात्री सुखाने झोपत.

अडुसष्टच्या थंडीत शाळेला नवी खोली झाली. उद्घाटनाला कोणाला बोलवावं, असं सरपंच तेजराम पटेल विचारायला आले, तेव्हा मास्तरांनी अगदी सहज सुचवलं की बंडोपंत गुरुजींना बोलवावं. आता निवृत्त होऊन बालाघाटला असतात, या शाळेवर त्यांचं प्रेम, आणि येताना ती कुऱ्हाडही आणतील, पोरांना बघायला मिळेल. तेजरामला सुचवलेलं सगळंच आवडायचं. गुरुजींचा होकारही लगेच आला. मास्तरांनी स्वतः मंडप बांधून घेतला, दारावर आंब्याची पानं लावली, शाळेच्या ओट्यावर पाहुण्यांच्या खुर्चीवर धुतलेली चादर घातली. घरच्या लग्नातही त्यांनी एवढं राबून केलं नव्हतं.

प्रश्न विचारायला त्यांनी पोरगी निवडली ती तेजरामचीच, पुष्पलता. वस्तीतल्या पोराने विचारलं असतं तर मास्तरने पढवलं, असं झालं असतं. सरपंचाच्या पोरीला गप्प बस कोण म्हणणार? पोरगी हुशार, आवाज खणखणीत. तिला प्रश्न पाठ करवले आणि शेवटचा प्रश्न तर तीनदा म्हणून घेतला.

रुख्माबाईला हे कळलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "पोराईच्या खांद्यावर बंदूक ठेवून राह्यला तू. तुले भांडाचं हाय त सोता भांड."

मास्तर म्हणाले, मी बोललो तर जुनं वैर काढलं म्हणतील.

"आन् काय काढून राह्यला तू, नवं?" आई म्हणाली. मग एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "बोलण्यात तुले हरवीन तो. मास्तर हाय तो, बोलाचीच रोटी खाल्ली त्यानं."

मास्तरांना राग आला. आईला काय कळतं, असं त्यांना वाटलं. शिकलेल्या लोकांना आपल्या आईबद्दल असं वाटतं, हा एक रोगच आहे.

बंडोपंत जीपमधून उतरले. केस पांढरे, टोपी तीच काळी, आवाज अजून स्वच्छ. तेजरामच्या घरी पोहे आणि चहा घेऊन ते मंडपात आले. चैतराम मास्तरांनी हार घातला, वाकून नमस्कार केला. गुरुजींनी पाठीवर हात ठेवला नाही, हे फक्त मास्तरांच्या आणि पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या डोमाजी पटेलांच्या, तेजरामच्या वडिलांच्या लक्षात आलं. गट शिक्षणाधिकारी, राजेगावचे दोन मास्तर, सगळं गाव, आणि मागे बायका. रुख्माबाई सगळ्यांच्या मागे, पदराखाली काहीतरी धरून बसली होती.

गुरुजी चांगलं बोलले. नदीकाठी माणूस कसा वसतो, विटा कशा भाजतो, धातू कसा वितळवतो. आणि शेवटी मखमल उलगडून कुऱ्हाड वर धरली. पोरांचे डोळे चमकले. मास्तरांनी ती पहिल्यांदाच पाहिली, पायरी धुतली त्या दिवसानंतर. त्यांच्या तळहाताला तिचा गार ओलसर स्पर्श आठवला. तेजराम म्हणाले की पोरांना काही विचारायचं असेल तर विचारावं.

पुष्पलता उभी राहिली आणि तिने एकेक करून चार प्रश्न विचारले. गुरुजी खूश झाले. असे प्रश्न तिसरीच्या मुलीने विचारावेत! आणि मग त्यांनी उत्तरं दिली. ऐकता ऐकता मास्तरांच्या अंगावर काटा आला, कारण त्या पोराने त्या दिवशी जे जे सांगितलं होतं, त्यातला एक शब्द गुरुजी विसरले नव्हते. खालच्या घाटावर, जांभळाच्या मुळाशी, काळा गाळ संपतो तिथे पिवळ्या मातीत, आणि सोबत काही नाही, फक्त एक शिंपला. शिंपल्याचं मास्तर स्वतः विसरले होते. "मी स्वतःच्या हाताने उकरून काढली," गुरुजी म्हणाले.

मास्तरांनी पोरीकडे बघितलं. तिने श्वास घेतला आणि पाचवा प्रश्न विचारला. "गुरुजी, वो घाट तो महार लोगों का था. आमचे आबाजी सांगतात, तेव्हा सावली पडली तरी तुमी आंघोळ करत होते. मग तुमी त्या चिखलात उतरले कसे?"

पुढच्या रांगेत डोमाजी खोकल्यासारखं हसले, आणि त्यांच्या मागे आणखी दोन म्हातारे हसले. मास्तर टाचांवर उभे राहून बघत होते. गुरुजींचा चेहरा पांढरा पडेल, हात थरथरेल, टोपी खाली येईल, हे सगळं त्यांनी इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की आता फक्त ते होण्याची वाट बघत होते.

ते झालं नाही. गुरुजींनी मान खाली घातली, डोळे मिटले आणि उघडले. "बाळ," ते म्हणाले, "तो काळ फार वाईट होता. लोकांना दाखवायला आंघोळ करावी लागे. पण मी माणसामाणसांत भेद कधी मानलाच नाही. विद्येसाठी मी त्या चिखलातही आनंदाने उतरलो."

गट शिक्षणाधिकाऱ्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. राजेगावच्या एका मास्तराने तर डोळे पुसले.

मास्तर जागच्या जागी जळत राहिले. चूक त्यांचीच होती, आणि इतिहासाच्या मास्तराने अशी चूक करावी हे आणखी वाईट. त्यांनी बेचाळीस सालचा बंडोपंत मनात धरून सापळा लावला होता. काळ बदलतो हे पोरांना रोज शिकवणारा माणूस, हे विसरून बसला होता की ज्याचा तेव्हा विटाळ होता, त्याचंच आता भाषणात कौतुक होतं. गुरुजींनी कुऱ्हाड पण स्वतःकडे ठेवली आणि वर खालच्या घाटाचा हारही घालून घेतला. बापाचं नाक, पायरी, दोन बादल्या, सगळं त्या टाळ्यांच्या आवाजाखाली गाडलं गेलं. कोणाचा तरी गळा धरावा असं मास्तरांना वाटलं, आणि हात मात्र टाळ्या वाजवायला एकमेकांजवळ येत होते. त्यांनी ते मागे घेऊन पाठीशी बांधले.

तेवढ्यात मागून बायका बाजूला सरल्या. रुख्माबाई पुढे येत होती. पदराखालून तिने पितळी लोटा बाहेर काढला. घासून लख्ख केलेला, काठोकाठ भरलेला. ती सरळ गुरुजींच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. पाण्याचा एक थेंब तिने सांडू दिला नाही.

"गुरुजी, तुमी आमच्या घाटावर उतरलते म्हंता," ती म्हणाली. "मी महागू कोतवालाची बायको. हे त्याच घाटाचं पाणी हाय. दमले असान बोलून. घ्या, प्या."

गुरुजींनी लोट्याकडे बघितलं. हसले. हात पुढे आला, आणि लोट्यापासून वितभर अंतरावर थांबला. सगळं गाव त्या वितेकडे बघत होतं.

"आज माझा उपास आहे, बाई," ते म्हणाले. "निर्जळी."

"पर गुरुजी," पुष्पलता म्हणाली, आणि हे तिला कोणी पढवलं नव्हतं, "आमच्या घरी तर तुमी दोनदा पोहे घेतले. चहा पण."

आता डोमाजी मोठ्याने हसले. मागे बायका हसल्या, आणि मग पोरं, कारण सगळे हसताहेत म्हणून. तेजराम पोरीवर डोळे वटारायला वळले आणि बापाला हसताना बघून तसेच थांबले. गट शिक्षणाधिकारी मंडपाच्या छताकडे बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

रुख्माबाई हसली नाही. तिचा हात तसाच पुढे होता. "नाही पेत?" तिने विचारलं. "मंग ते कुऱ्हाड ठेवा खाली. ज्यानं घाटाचं पाणी पेलं नाही, त्यानं घाटावरची वस्तू काढली नाही. माह्या पोराची हाय ते."

गुरुजींनी तेजरामकडे बघितलं. तेजराम सोन्यासारखा माणूस, पण त्या क्षणी त्याला आपल्या चपलेचा अंगठा फार महत्त्वाचा वाटला. मग गुरुजींनी चैतरामकडे बघितलं. आजवर खिडकीबाहेर होता तो चेहरा आता समोर होता. गुरुजींनी घड्याळ काढलं, बालाघाटला वेळेवर पोचायला हवं असं काहीतरी पुटपुटले आणि उठले. हार त्यांनी गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवला. कुऱ्हाड टेबलावर मखमलीतच राहिली. ती विसरली की ठेवली, हे कोणी विचारलं नाही.

मास्तर त्यांना पोचवायला पायऱ्यांपर्यंत गेले. तशी रीत होती, आणि रीत मोडायची नाही हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. शेवटच्या पायरीवर गुरुजी थांबले. "चैतराम," ते हळूच म्हणाले, "तुला मीच शिकवलं. विसरू नको."

"हौ गुरुजी," मास्तर म्हणाले. "मी काहीच विसरलो नाही."

जीप गेली. धूळ खाली बसली. मंडपातले लोक उठले नव्हते, कारण आई उठली होती आणि पायऱ्यांकडे येत होती. हातात तोच लोटा. ज्या पायरीवर तिच्या नवऱ्याने नाक घासलं होतं, त्या पायरीपाशी ती बसली. गुरुजींचा पाय जिथे पडला होता तिथे तिने पाणी ओतलं आणि तळव्याने घासायला लागली. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत, कोपऱ्यासकट. लोक बघत होते. महागूची बायको काय करते आहे, हे म्हाताऱ्यांना कळलं होतं, आणि ज्यांना कळलं नव्हतं त्यांना ते म्हातारे कानात सांगत होते.

लोटा संपला. तिने पायरीकडे बघितलं, समाधान झालं नाही.

"चैतराम," ती म्हणाली, "एका लोट्यानं नाही होत. बादली आण."

मास्तरांनी शाळेतली बादली उचलली आणि सगळ्या गावासमोरून, शाळेच्या पुढच्या रस्त्याने, खालच्या घाटाकडे निघाले.